विश्लेषण : ग्रंथालयात ‘कोहा’ बसवणे सोपे, मग सांभाळणे अवघड का जाते?

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावचे महाविद्यालय डोळ्यांसमोर आणा. ग्रंथालयात वीस हजार पुस्तके, एक ग्रंथपाल, एक लिपिक आणि एक शिपाई. दिवसाला साठ पुस्तकांची संगणकात नोंद केली, तरी हे काम पुरे व्हायला ३३३ दिवस लागतात, म्हणजे सुट्ट्या धरून वर्षाहून अधिक. एवढ्या मेहनतीने उभी राहिलेली माहिती एका साध्या संगणकातल्या एका डिस्कवर असते. ती डिस्क ज्या दिवशी बंद पडते, त्या दिवशी कळते की प्रणाली बसवून देणारा माणूस तीन वर्षांपूर्वी निघून गेला आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली काय आहे, ती आज्ञा टाइप करून कशी बसवतात आणि नंतर तिची कोणती काळजी घ्यावी लागते?

कोहा म्हणजे नेमके काय?

कोहा ही ग्रंथालयाचे कामकाज सांभाळणारी सर्व्हर प्रणाली आहे. पुस्तकांची तालिका, वाचकांची नोंद, देवघेव, दंड, नियतकालिके, पुस्तक खरेदी हे सारे तिच्यात होते. तिचा जन्म न्यूझीलंडमधला. होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयांकडे जी जुनी संगणक प्रणाली होती, ती सन २००० च्या तारखा हाताळू शकणार नव्हती. नवी प्रणाली विकत घेण्याऐवजी त्यांनी कटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीकडून १९९९ मध्ये स्वतःची लिहून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि तिचा स्रोत सर्वांसाठी खुला करण्यात आला. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट.

महाराष्ट्राशी तिचे नाते जुने आहे. कोहा वापरणाऱ्यांची आणि घडवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद ‘कोहाकॉन’ २०११ मध्ये ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाच्या यजमानपदाखाली भरली होती. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात कोहावर स्वतंत्र पाठमालिका आहे. त्याच प्रकल्पातले लिनक्सचे पाठ मराठीतही ऐकता येतात.

तालुक्याच्या महाविद्यालयाला त्याची गरज का पडते?

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या अहवालात ग्रंथालय संगणकीकृत आहे का, कोणती प्रणाली आहे, असे विचारले जाते. त्यामुळे प्रणाली हवीच. पर्याय मोजके आहेत. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ची ‘सोल’ विकत घ्यावी लागते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’ आहे. आणि कोहाला परवाना शुल्क नाही. अनुदानाची वाट पाहत बसणाऱ्या ग्रंथालयाला शेवटचा पर्याय आकर्षक वाटतो, यात नवल नाही.

पण परवाना फुकट आहे, सांभाळ फुकट नाही. जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि जिल्ह्यातली महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत ते छत्रपती संभाजीनगरात, जालना शहरापासून साधारण ६० किलोमीटरवर. मंठा किंवा जाफराबादमधून ते आणखी दूर. सर्व्हर रुसला की तंत्रज्ञ बोलावून आणेपर्यंत देवघेव पुन्हा वहीवर येते. म्हणून निदान दहा-बारा आज्ञा ग्रंथपालाला स्वतःला यायला हव्यात, असे या लेखाचे म्हणणे आहे.

माउसने बसवता येत नाही का?

नाही. कोहा चालते लिनक्सवर, प्रामुख्याने डेबियन किंवा उबुंटूवर. सर्व्हरच्या संगणकावर काळ्या पडद्याचे टर्मिनल उघडायचे आणि आज्ञा टाइप करायच्या. बाकीच्या संगणकांवर विंडोज असले तरी चालते, कारण तिथून कोहा साध्या ब्राउझरमध्ये उघडते. काळा पडदा पाहून घाबरणारे पुष्कळ आहेत, पण त्याचा एक मोठा फायदा आहे. टाइप केलेली आज्ञा वहीत उतरवून ठेवता येते, फोनवरून सांगता येते, पुढच्या वर्षी तशीच पुन्हा वापरता येते. ‘तिथे उजवीकडे ते चाकाचे चित्र आहे ना, त्यावर दाबा’ असे फोनवर समजावून पाहिलेल्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

खाली आज्ञा उच्चारानुसार नागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या. मधली आडवी रेघ आणि मोकळी जागा जशीच्या तशी ठेवायची, कारण निम्म्या चुका तिथेच होतात.

बसवण्याची रीत कशी?

लिनक्सवर प्रणाली बसवणे म्हणजे कुठल्याही संकेतस्थळावरून फाइल उतरवून त्यावर दोनदा क्लिक करणे नव्हे. प्रत्येक लिनक्सचे एक अधिकृत भांडार असते. ‘ॲप्ट’ नावाचा कारभारी त्या भांडारातून हवे ते पॅकेज आणतो आणि त्याला लागणारी इतर पॅकेजेसही आणतो. कोहाच्या बाबतीत ही गोष्ट मोलाची ठरते, कारण कोहाला पर्ल भाषेतले शेकडो छोटे भाग, अपाची हा वेब सर्व्हर, झेब्रा हे शोधयंत्र, मेमकॅश्ड असे बरेच काही लागते. हाताने जमवायचे म्हटले तर आठवडा जाईल.

अडचण एवढीच की, उबुंटूच्या स्वतःच्या भांडारात कोहा नाही. म्हणून नुसते ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल कोहा-कॉमन’ लिहिले तर ‘असे पॅकेज सापडत नाही’ असे उत्तर येते. पुष्कळ जण इथेच थांबतात. आधी कोहा समुदायाच्या भांडाराचा पत्ता ‘सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी’ या फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये लिहावा लागतो. त्याबरोबर त्या भांडाराची स्वाक्षरी-किल्लीही साठवावी लागते. येणारे पॅकेज खरोखर त्याच मंडळींनी तयार केले आहे, मध्ये कोणी बदललेले नाही, याची खात्री ॲप्ट या किल्लीवरून करतो. जुन्या मार्गदर्शिकांत किल्लीसाठी ‘ॲप्ट-की’ ही आज्ञा दिलेली असते. ती पद्धत आता कालबाह्य ठरवली आहे. अशी मार्गदर्शिका दिसली की ती जुनी आहे असे समजावे आणि कोहा समुदायाच्या पानावरची ताजी रीत पाहावी.

पत्ता लिहिताना एक निर्णय घ्यायचा असतो आणि त्याचे परिणाम पुढे वर्षानुवर्षे भोगावे लागतात. पत्त्याच्या ओळीत ‘स्टेबल’ हा शब्द लिहिता येतो किंवा ‘२४.११’सारखा नेमका आवृत्ती क्रमांक. ‘स्टेबल’ लिहिले तर समुदायाने नवी आवृत्ती स्थिर ठरवली की, तुमचा सर्व्हरही पुढच्या अद्ययावतीकरणात त्या आवृत्तीवर उडी मारतो. परीक्षेच्या दिवसांत अशी उडी नको असेल तर क्रमांकच लिहावा.

यानंतर ‘सुडो ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा. ती काहीही बसवत नाही. भांडारात काय काय उपलब्ध आहे याची यादी ताजी करते. मग माहिती साठवण्यासाठी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल मारियाडीबी-सर्व्हर’ आणि त्यामागोमाग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल कोहा-कॉमन’. इंटरनेटच्या वेगानुसार चहा घेऊन यायला वेळ मिळतो.

पॅकेज बसले म्हणजे ग्रंथालय तयार झाले, असे नाही. कोहाची रचना अशी की एकाच संगणकावर अनेक ग्रंथालये नांदू शकतात. त्यामुळे आपले ग्रंथालय स्वतंत्रपणे तयार करावे लागते. त्याआधी ‘कोहा-साइट्स डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये दोन दारांचे क्रमांक ठरवतात. वाचकांसाठीची तालिका, म्हणजे ओपॅक, बहुधा ८० क्रमांकाच्या पोर्टवर आणि कर्मचाऱ्यांचे दालन ८०८० वर. अपाचीच्या ‘पोर्ट्स डॉट कॉन्फ’ फाइलमध्येही ८०८० लिहायला विसरू नये. विसरले तर ओपॅक उघडते आणि कर्मचाऱ्यांचे पान उघडत नाही. अपाचीचे ‘रीराइट’, ‘सीजीआय’, ‘हेडर्स’ आणि ‘प्रॉक्सी एचटीटीपी’ हे भाग ‘ए-टू-एनमॉड’ या आज्ञेने चालू करायचे आणि ‘सुडो सिस्टीमसीटीएल रीस्टार्ट अपाची२’ लिहून अपाची नव्याने सुरू करायचा.

आता मुख्य आज्ञा : ‘सुडो कोहा-क्रिएट --क्रिएट-डीबी’ आणि पुढे ग्रंथालयाचे नाव. नाव रोमन लिपीतले, आखूड, लहान अक्षरांतले असावे. मोठे लांबलचक संस्थानाम इथे कामाचे नाही, कारण हाच शब्द पुढे प्रत्येक आज्ञेत टाइप करायचा आहे. पाठोपाठ ‘कोहा-प्लॅक’ ही आज्ञा आधी ‘--एनेबल’ आणि मग ‘--स्टार्ट’ जोडून द्यावी. प्लॅकमुळे पाने बरीच वेगाने उघडतात. शेवटी ‘सुडो कोहा-पासडब्ल्यूडी’ आणि ग्रंथालयाचे नाव लिहिले की पडद्यावर पासवर्ड येतो. तो घेऊन ब्राउझरमध्ये ८०८० चे पान उघडायचे. तिथून पुढचे काम माउसने होते. हा पहिला पासवर्ड उभारणीपुरताच आहे. रोजच्या कामासाठी उभारणीच्या ओघातच मुख्य ग्रंथपालाचे स्वतंत्र खाते तयार होते, तेच वापरावे.

मराठी पुस्तकांचे काय?

कोहा युनिकोड जाणते, त्यामुळे नागरीत नोंद करण्यात अडचण नाही. अडचण जुन्या नोंदींची आहे. बऱ्याच ग्रंथालयांत पूर्वीची यादी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. फॉन्ट असेपर्यंत ती मराठी दिसते, कोहात आणली की रोमन अक्षरांचा कचरा होतो. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावीच लागते, आणि बदलल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.

दुसरी गोष्ट शोधाची. झेब्रा हे शोधयंत्र मूळ मांडणीत रोमन लिपी धरून चालते. नागरीतला शोध नीट चालण्यासाठी त्याच्या मांडणीत ‘आयसीयू’ ही पद्धत चालू करावी लागते आणि मग ‘सुडो कोहा-रीबिल्ड-झेब्रा -एफ -व्ही’ व ग्रंथालयाचे नाव लिहून निर्देशांक नव्याने बांधावा लागतो. हे केले नाही तर पुस्तक नोंदलेले असते, कपाटात असते आणि तरीही शोधात सापडत नाही. दोष मग नोंद करणाऱ्या लिपिकाच्या माथी जातो.

इंग्रजी पुस्तकांच्या तयार नोंदी ‘झेड ३९.५०’ या पद्धतीने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या ठिकाणाहून थेट घेता येतात, आणि वेळ वाचतो. मराठी पुस्तकांच्या नोंदी तिथे असल्या तरी बहुधा रोमन लिप्यंतरात असतात. वाचक ते नागरीतच शोधणार, म्हणून मराठी नोंदी हातानेच कराव्या लागतात. वर धरलेला दिवसाला साठ हा हिशेब त्यामुळे काहीसा उदारच आहे.

बॅकअप आपोआप होतो, मग भीती कसली?

हा या विषयातला सर्वांत घातक गैरसमज आहे. कोहाचे पॅकेज बसले की रोजच्या बॅकअपची सोय त्याबरोबर येते, हे खरे. रोज दोन फाइल तयार होतात. एकीत सारी माहिती, दुसरीत मांडणी. त्या ‘व्हार’ फोल्डरमधल्या ‘स्पूल’मध्ये, कोहाच्या नावाने साठतात. पण यात दोन खोचा आहेत.

पहिली : मूळ मांडणीत फक्त दोन दिवसांचे बॅकअप ठेवले जातात, त्यामागचे पुसले जातात. समजा, शुक्रवारी दुपारी कोणी चुकून पाचशे वाचकांची नावे उडवली आणि ते सोमवारी लक्षात आले. तोवर चांगल्या अवस्थेतला बॅकअप निघून गेलेला असतो. दुसरी खोच त्याहून मोठी : बॅकअप त्याच संगणकात, बहुधा त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की मूळ माहिती आणि तिची प्रत, दोन्ही एकदम जातात. घराची किल्ली आणि तिची जोडकिल्ली एकाच जुडग्यात लावण्यासारखेच हे. मराठवाड्यातला चाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा, धूळ आणि अवेळी जाणारी वीज पाहता डिस्क जाणे ही दूरची शक्यता नव्हे.

उपाय महागडा नाही. वीस हजार पुस्तकांची दाबून बसवलेली प्रत पेनड्राइव्हवर सहज मावते. ‘सुडो कोहा-डम्प’ आणि ग्रंथालयाचे नाव लिहिले की त्या क्षणाची ताजी प्रत मिळते. आठवड्यातून एक दिवस ठरवून ती दोन पेनड्राइव्हवर आलटून पालटून घ्यावी आणि एक पेनड्राइव्ह ग्रंथालयाच्या इमारतीबाहेर, प्राचार्यांच्या कपाटात म्हणा, ठेवावा. दिवसांची संख्या दोनवरून वाढवायची असेल तर ‘कोहा-रन-बॅकअप्स’ या आज्ञेला दिवसांचा आकडा देता येतो. मात्र तो तीस केला तर डिस्कवर तेवढी जागा आहे का, तेही पाहावे.

आणि प्रत घेतली म्हणजे झाले असे नाही. ती परत उभी राहते का, हे वर्षातून एकदा तरी दुसऱ्या जुन्या संगणकावर करून पाहावे. त्या संगणकावर तीच आवृत्ती बसवायची आणि ‘सुडो कोहा-रीस्टोअर’ या आज्ञेला आधी माहितीची आणि मग मांडणीची फाइल द्यायची. दिवाळीच्या सुट्टीतले हे एका दुपारचे काम आहे. दोनपैकी एकच फाइल पेनड्राइव्हवर घेतली जात होती, हे अशाच एखाद्या दुपारी कळलेले बरे.

आवृत्ती बदलताना काय जपायचे?

कोहाची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. क्रमांकावरूनच ते कळते : २४.०५ म्हणजे २०२४ चा मे. दर महिन्याला दुरुस्तीच्या छोट्या आवृत्त्याही येतात आणि त्यांत सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, म्हणून ‘चालते आहे, हात लावू नका’ हे धोरण बरोबर नाही.

आधी ‘कोहा-डम्प’, मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल कोहा-कॉमन’ असा क्रम ठेवावा. माहितीच्या कोष्टकांची रचना पॅकेज स्वतः बदलून घेते. हे चालू असताना वीज गेली तर प्रकरण चिघळते, त्यामुळे यूपीएस नसलेल्या सर्व्हरवर हे काम करूच नये. प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या दिवसांत आवृत्ती अडवून धरायची असेल तर ‘सुडो ॲप्ट-मार्क होल्ड कोहा-कॉमन’ लिहावे. पुढे ‘अनहोल्ड’ करायची आठवण मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

उबुंटूचे स्वतःचे आयुष्य वेगळे मोजायचे. उबुंटू १८.०४ चा नेहमीचा सुरक्षा आधार २०२३ च्या मेमध्ये संपला आणि २०.०४ चा २०२५ च्या मेमध्ये. अशा जुन्या सर्व्हरवर थेट उबुंटू बदलण्याचे साहस करण्यापेक्षा दुसऱ्या संगणकावर नवे उबुंटू आणि नवे कोहा बसवून तिथे प्रत उभी करणे अधिक सुरक्षित. जुना संगणक महिनाभर तसाच राहू द्यावा.

सकाळी पान उघडलेच नाही तर?

आधी ‘डीएफ -एच’ लिहावे. डिस्क किती भरली ते दिसते. डिस्क शंभर टक्के भरली की मारियाडीबी थांबते आणि लोकांना वाटते कोहा बिघडले. जागा असेल तर ‘सिस्टीमसीटीएल स्टेटस’ लिहून पुढे अपाची२ आणि मारियाडीबी यांची चौकशी करावी. हिरव्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह’ दिसले की ती सेवा चालू आहे. दोन्ही चालू असून पान येत नसेल तर ‘सुडो कोहा-प्लॅक --रीस्टार्ट’ आणि ग्रंथालयाचे नाव. पान येते पण नवे पुस्तक शोधात येत नाही, अशी तक्रार असेल तर ‘कोहा-इंडेक्सर’ थांबलेला असण्याची शक्यता जास्त. त्यानेही भागले नाही तर ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात कोहाच्या चुकांची नोंद असते. तिच्या शेवटच्या वीस ओळींचा फोटो जाणकाराला पाठवला की ‘चालत नाही’ या दोन शब्दांपेक्षा त्याला कितीतरी अधिक कळते.

एका आज्ञेपासून मात्र जपावे. ग्रंथालय तात्पुरते बंद ठेवायचे असेल तर ‘कोहा-डिसेबल’. ‘कोहा-रिमूव्ह’ नव्हे. ती माहितीसकट सारे काढून टाकते.

ओपॅक इंटरनेटवर ठेवले तर चालते, पण ८०८० चे कर्मचाऱ्यांचे दालन महाविद्यालयाच्या जाळ्याबाहेर उघडे ठेवू नये.

पासवर्ड कोणाकडे असावा?

सर्व्हरचे तीन पासवर्ड असतात : लिनक्सचा, कोहाच्या मुख्य खात्याचा आणि मारियाडीबीचा. शेवटचा फारसा लागत नाही, कारण कोहाचा डेटाबेस पासवर्ड मांडणीच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. पहिला मात्र गेला तर सारेच अडते. प्रणाली बसवून देणाऱ्याशी करार करताना काम पूर्ण झाल्याचा अर्थ पासवर्ड लेखी हातात आला आणि प्रत परत उभी करून दाखवली, असा लिहून घ्यावा. उरलेली रक्कम त्यानंतरच द्यावी. ते तीन पासवर्ड, सर्व्हरचा आयपी पत्ता, कोहातले ग्रंथालयाचे नाव आणि वर दिलेल्या आज्ञा एका कागदावर लिहून बंद पाकिटात प्राचार्यांकडे ठेवाव्यात, त्या पेनड्राइव्हशेजारीच नव्हे, वेगळ्या कप्प्यात. ग्रंथपाल निवृत्त होताना ॲक्सेशन रजिस्टर जसे सही घेऊन सोपवले जाते, तसेच हे पाकीटही पदभाराच्या यादीत एक ओळ म्हणून यावे.